'अ', 'ॲन' आणि 'द' : ठराविक, पण कुणासाठी?

प्रश्न असा : इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी'आधी 'अ' आणि 'अवर'आधी (hour, म्हणजे तास) 'ॲन' हे उपपद (आर्टिकल) का येतं? आणि 'द' नेमका कधी लावायचा?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. स्पेलिंग बघू नका, उच्चार ऐका. 'युनिव्हर्सिटी' म्हणताना आधी 'य' निघतो, म्हणून 'अ'. 'अवर'मधला 'एच' मुका आहे, म्हणून 'ॲन'. 'एक्स-रे'चं पहिलं अक्षर व्यंजन असलं तरी उच्चार 'ए'पासून सुरू होतो, तिथेही 'ॲन'च. मूळ रूप खरं तर 'ॲन', 'वन'चं सख्खं भावंड. व्यंजनापुढे त्यातला 'न' गळत गेला. 'वन'शी असलेल्या या नात्यामुळेच ते फक्त मोजता येणाऱ्या एकवचनी नामाला लागतं. 'ॲन इन्फर्मेशन' चालत नाही. (या 'न'ची सरमिसळही झाली आहे. 'ॲप्रन' हा शब्द पूर्वी 'नॅप्रन' होता; त्याचा 'न' उपपदाला जाऊन चिकटला.)

खरी गोम 'द'मध्ये आहे. 'ठराविक वस्तूला द' हा शाळेतला नियम अर्धाच आहे. ठराविक कुणासाठी? ऐकणाऱ्यासाठी! मी घेतलेलं पुस्तक मला पक्कं माहीत असतं, तरी मी 'आय बॉट अ बुक' म्हणतो, कारण तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही 'कुठलं?' असं विचाराल. हा 'कुठलं?' जिथे उरत नाही, तिथे 'द'.

'पहिल्या उल्लेखाला अ, दुसऱ्याला द' हे सूत्रही म्हणूनच अपुरं पडतं. 'आय रेंटेड अ हाउस, बट द किचन इज स्मॉल.' स्वयंपाकघराचा उल्लेख पहिलाच आहे, तरी 'द'. घर म्हटलं की त्याचं स्वयंपाकघर आलंच.

मराठीत उपपदं नाहीत म्हणून हा भेद आपल्याला परका आहे, असं मात्र मला मुळीच वाटत नाही. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही वाक्यं सावकाश म्हणून बघा. पहिल्यात कुठलं तरी पुस्तक, दुसऱ्यात आपण ज्याबद्दल बोलत होतो ते. 'ती डॉक्टर शोधतेय' म्हणजे कुणीही चालेल. 'ती डॉक्टरांना शोधतेय' म्हणजे तिच्या मनात एक विशिष्ट व्यक्ती आहे. शब्दक्रम आणि 'ला-ना' प्रत्यय हे काम आपल्याकडे बिनबोभाट करतात. इंग्रजी लिहिताना हीच जाण वापरायची.

काही गोष्टी निव्वळ रूढीच्या, त्या पाठच कराव्या लागतात : नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना 'द' लागतो, एकट्या शिखराला सहसा नाही, म्हणून 'द हिमालयाज' पण नुसतं 'एव्हरेस्ट'.

आपल्याकडून जास्तीचा 'द' पडतो तो बहुधा भाववाचक नामांआधी. 'द ऑनेस्टी इज इम्पॉर्टंट' चूक, कारण इथे प्रामाणिकपणा सर्वसाधारण आहे. 'द ऑनेस्टी ऑफ दिस विटनेस' मात्र बरोबर : कुणाचा प्रामाणिकपणा, ते तिथे सांगितलेलं आहे.