पोस्टग्रेस कुबरनेटीसवर नेताना: स्टेटफुलसेट पुरेल की ऑपरेटर हवा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: व्हीएमवरचं (व्हर्च्युअल मशीनवरचं) तीन नोडचं पोस्टग्रेस, म्हणजे तुमचा डेटाबेस, कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) न्यायचंय, टीममधले काही जण म्हणतात स्टेटफुलसेट आणि चार शेल स्क्रिप्टांवर भागेल, आणि रात्री प्रायमरी (डेटा लिहून घेणारी मुख्य प्रत) पडला तर काय होईल याची तुम्हाला धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. स्क्रिप्टांच्या वाटेला जाऊ नका.

स्टेटफुलसेट ही डेटा जपणारी ॲप्लिकेशन चालवायची कुबरनेटीसची सोय. तो पॉडला (कंटेनर चालवणाऱ्या घटकाला) कायमचं नाव देतो, त्याची डिस्क त्याच्याकडेच ठेवतो, पॉड क्रमाने उठवतो. पण त्यातला प्रायमरी कोण आणि रेप्लिका (त्याच्यावरून ताजी होत राहणारी प्रत) कोण, हे त्याला ठाऊकच नसतं. शून्य नंबरचा पॉड म्हणजे प्रायमरी असं धरून लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्या फेलओव्हरलाच, म्हणजे प्रायमरी पडून रेप्लिकेने जागा घेताच, खोटी पडते. शिवाय नोड (पॉड ज्यावर चालतो ते मशीन) अचानक गायब झाला, तर स्टेटफुलसेट त्यावरच्या पॉडच्या जागी दुसरा लगेच उभा करत नाही. जुना खरंच मेलाय याची खात्री नसताना त्याच नावाचे दोन पॉड चालू राहणं डेटाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तो थांबतो. ते बरोबरच आहे, पण तेवढा वेळ तुमचं ॲप्लिकेशन ताटकळतं.

हीच पोकळी भरायला कोअरओएसने २०१६ मध्ये ऑपरेटरची कल्पना मांडली: डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) जे हाताने करतो ते कंट्रोलर नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं, आणि त्याने हवी ती स्थिती आणि असलेली स्थिती सतत ताडून पाहायची. पोस्टग्रेससाठी झलांडो आणि क्रंचीचे ऑपरेटर आहेत, दोन्ही आतून पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा फेलओव्हर सांभाळणारं साधन) वापरतात. नवी सुरुवात असेल तर मी क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर घेईन. त्यात पॅट्रोनी नाही, स्टेटफुलसेटही नाही. पॉड आणि डिस्क तो स्वतः सांभाळतो. प्रायमरी पडला की रेप्लिकांचं जुन्या प्रायमरीकडून डब्ल्यूएएल (प्रत्येक बदलाची नोंदवही) घेणं थांबल्याची खात्री करतो, सर्वांत पुढे असलेली रेप्लिका निवडतो, आणि ‘आरडब्ल्यू’ सर्व्हिस (ॲप्लिकेशन वाचायला-लिहायला जिथे जोडतं तो पत्ता) तिच्याकडे वळवतो. जुना प्रायमरी परत आला की पीजी-रिवाइंड करून (त्याचे जास्तीचे बदल मागे घेऊन) त्याला रेप्लिका म्हणून जोडून घेतो.

मात्र एक निर्णय ऑपरेटर तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. रेप्लिकेशन मुळात असिंक्रोनस असतं, प्रायमरी रेप्लिकेच्या पोचीची वाट पाहत नाही. म्हणजे प्रायमरी मेला त्या क्षणी रेप्लिकेपर्यंत न पोचलेले कमिट (पक्के झालेले व्यवहार) गेले. ॲप्लिकेशनला ‘झालं’ म्हणून उत्तर मिळालेलं असतं, तरीही. सिंक्रोनस केलंत, म्हणजे पोचीची वाट पाहायला लावलंत, तर ‘डेटा ड्युरॅबिलिटी’ या सेटिंगमध्ये ‘रिक्वायर्ड’ निवडायचं की ‘प्रिफर्ड’, हा प्रश्न येतो. रिक्वायर्डमध्ये पुरेशा रेप्लिका हजर नसल्या की कमिट अडकून राहतात. प्रिफर्डमध्ये काम चालू राहतं, पण ती हमी सुटते. पैशांचे व्यवहार असतील तर मी डोळे झाकून रिक्वायर्ड घेईन. कॅटलॉग किंवा फीडसाठी प्रिफर्ड. हे आधी प्रॉडक्टवाल्यांशी बोलून लेखी ठरवा. रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर असलेल्या पोराने हे ठरवावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

पुसण्याबद्दल फार जपा. क्लस्टर रिसोर्स (ऑपरेटरला दिलेलं डेटाबेसचं वर्णन) डिलीट केला की ऑपरेटरने बनवलेले पीव्हीसीही (डिस्कवरचे दावे) जातात. स्टोरेज क्लासची रिक्लेम पॉलिसी (दावा गेल्यावर डिस्कचं काय करायचं हा नियम) ‘डिलीट’ असेल (बहुतेक ठिकाणी तीच असते) तर मागोमाग डिस्कही. त्याहून भयंकर म्हणजे सीआरडी (कुबरनेटीसला ‘क्लस्टर’ हा प्रकार शिकवणारी व्याख्या) पुसणं: त्या प्रकारचे सगळे क्लस्टर एका फटक्यात. प्रॉडक्शनला ‘रिटेन’ ठेवा आणि सीआरडी डिलीट करण्याचा हक्क अगदी मोजक्या माणसांकडे.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून टाकलेला ड्रॉप टेबल (टेबल पुसायचा आदेश) क्षणात तिन्हीकडे पोचतो. म्हणून बेस बॅकअप (डेटाची पूर्ण प्रत) आणि डब्ल्यूएएल दोन्ही ऑब्जेक्ट स्टोरेजवर पाठवा, आणि ते स्टोरेज कुबरनेटीस क्लस्टरच्या बाहेर असू द्या. क्लाउडनेटिव्हपीजीत रिस्टोर चालू क्लस्टरवर होत नाही, बॅकअपमधून नवा क्लस्टर उभा राहतो. तालमीला हे फार सोयीचं आहे: वेगळ्या नेमस्पेसमध्ये (कुबरनेटीसमधल्या वेगळ्या कप्प्यात) दर महिन्याला एक उभा करा, ओळी मोजा, लागलेला वेळ लिहून ठेवा, पाडून टाका. फक्त त्याचं डब्ल्यूएएल आर्काइव्ह मूळच्याच पाथवर जाणार नाही एवढं बघा.

स्थलांतराआधी स्टेजिंगवर लोड चालू ठेवून प्रायमरीचा पॉड मारा, मग नोड ड्रेन करा (त्यावरचे पॉड रीतसर हलवा), मग नोडची वीजच काढा. तिन्हींत वेगवेगळा वेळ लागेल. ते आकडे आणि ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्या) स्वतःहून परत जोडला गेला का, हे इथे टाका. पुढचं त्यावरून बोलू.