मूत्रपिंड घडवायचंय, पण शिकायचं काय?

‘बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. काढलेलं मूत्रपिंड धुऊन त्याच्या सांगाड्यात नव्या पेशी वाढवतात, असं वाचलं. मला तेच करायचंय. मेडिकलला जाऊ की इंजिनीअरिंगला?’ असं तू विचारलंयस.

आधी जरा कठोर बोलतो. तुझं शिक्षण आणि बाबांचा उपचार यांची गाठ बांधू नकोस. असं घडवलेलं मूत्रपिंड अजून उपचार म्हणून मिळत नाही. प्रत्यारोपणाबद्दल त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी, आत्ताच बोला.

आता तुझा प्रश्न. 2013 साली हाराल्ड ऑट यांच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटानं उंदराच्या मूत्रपिंडातून डिटर्जंट फिरवून सगळ्या पेशी काढून टाकल्या. डिटर्जंट कुठलं, तर एसडीएस, शाम्पूला फेस आणणारं! मागे उरला फिकट, अर्धपारदर्शक सांगाडा. पेशी गेल्या, नळ्यांचं जाळं जागच्या जागी. मग रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी धमनीतून सोडल्या आणि मूत्रपिंडाच्या पेशी मूत्रवाहिनीतून, म्हणजे उलट्या वाटेनं. त्या खोलवर पोचाव्यात म्हणून बाहेरून निर्वात करून आत ओढून घेतल्या. उंदराला बसवल्यावर त्या मूत्रपिंडानं लघवी तयार केली, पण नेहमीपेक्षा फारच कमी.

माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणारे सूक्ष्म घटक, असतात. तिथल्या केशवाहिन्यांत कुठेही अस्तर उघडं राहिलं, की रक्त सांगाड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाला लागतं आणि गुठळी धरते. त्यामुळे काम जितकं पेशींचं, तितकंच दाबाचं आणि प्रवाहाचं.

तुझ्या पत्रात पेशींबद्दल एक ओळ आहे आणि पंपाची आकृती अर्धं पान! म्हणून माझं मत बायोमेडिकल इंजिनीअरिंगकडे झुकतं, सोबत पेशीजीवशास्त्राचे जमतील तितके विषय. रोज रुग्ण तपासावेत असं वाटत असेल तरच मेडिकल. कुठूनही गेलीस तरी पुढे पीएचडी धरूनच चाल.

आणि हो, पेशींना सुट्टी नसते. रविवारीही जाऊन त्यांचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, बदलावं लागतं, आणि एवढं करून बुरशी लागली की अख्खी बॅच फेकायची. प्रवेशाआधी एखाद्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत महिनाभर नुसती मदतनीस म्हणून जाता आलं तर जा. तिथला चौथा आठवडा कसा गेला, ते मला कळव.