आर-नॉट (एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) एकाच्या वर असेल तर साथ येणारच ना, मग मॉडेलमध्ये रँडमनेस कशाला टाकायचा?

तुम्ही नागपूरच्या डेंग्यूवर प्रोजेक्ट करून राहिले, आर-नॉट 1.2 आला, आणि तुमचं म्हणणं की पाऊस-तापमानाचा रँडमनेस टाकला तरी ग्राफची रेषा नुसती थरथरेल, उत्तर तेच राहील. नाही हो, उत्तरच बदलू शकतं. मला या विषयातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

समजा एका आठवड्यात केसेस दुप्पट होतात आणि पुढच्या आठवड्यात 0.4 पट, असंच आलटून पालटून चालू. सरासरी काढली तर 1.2, म्हणजे वाढ. आता चालवून बघा, 100 चे 200 झाले आणि 200 चे 80, आणि असेच दहा आठवडे गेले की उरतात 33 च्या आसपास. साथ गुणाकाराने वाढते ना, तिथे साधी सरासरी चालत नाही, लॉगची (लॉगरिदमची) सरासरी घ्यावी लागते आणि ती इथे निगेटिव्ह आहे, म्हणजे घट. ग्रे, ग्रीनहाल्ग, माओ वगैरे गणितज्ञ मंडळींनी 2011 मध्ये एसआयएस मॉडेलच्या (बरा झालेल्याला परत लागण होऊ शकते असं मॉडेल) संसर्गदरात व्हाइट नॉइज (दर क्षणाला नवा, आधीच्याशी संबंध नसलेला रँडम झटका) टाकून हेच पक्कं सिद्ध केलं: आर-नॉटमधून सिग्मा स्क्वेअरची (सिग्मा म्हणजे नॉइजची तीव्रता) एक टर्म वजा होते, आणि नॉइजवरच्या काही अटी पाळल्या गेल्या तर मूळ आर-नॉट एकाच्या वर असूनही रोग विझतो.

आता तुम्ही म्हणाल, शहर एवढं मोठं, रँडमनेस आपोआप कटून जाईल. एकेका पेशंटच्या नशिबाचा जातो कटून, म्हणूनच साथींचं गणित मांडणाऱ्या केरमॅक-मॅकेंड्रिकच्या 1927 च्या पेपरमध्ये मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगवर एक गुळगुळीत रेषा छान बसली. पण हवामानाचा झटका सगळ्या शहराला एकदम बसतो, तो लोकसंख्या वाढली म्हणून कमी होत नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा, नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं. असा पाऊस उघड्यावरच्या अळ्या वाहून नेतो, आणि मग गच्चीवरच्या टायरात, कुंड्यांत साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. एकच पाऊस आधी उणे आणि मग अधिक! शिवाय आपले कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या वर, बाहेर डासाला जगणं कठीण, पण कूलरच्या टाकीत पाणी तयारच असतं, आणि टाकी कोरडी पडली तरी एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात.

म्हणून एक सांगतो, रँडमनेस म्हणजे साथ कमीच होणार असं कृपया लिहू नका. व्हाइट नॉइज दर क्षणाला सगळं विसरतो, आपला पावसाळा तसा नाही, ओला आठवडा गेला की पुढचाही बहुधा ओलाच. सलग चांगले आठवडे मिळाले तर सरासरी आर-नॉट एकाच्या खाली असलेला रोगही काही काळ उसळतो. मी तुमच्या जागी असतो तर डासांची वेगळी समीकरणं घेतली असती, डास चावण्याच्या दराच्या लॉगवर सरासरीकडे परत येणारा नॉइज टाकला असता, हजार वेळा रन करून एका रेषेऐवजी पट्टा दाखवला असता आणि किती रन्समध्ये साथ विझली तेही सांगितलं असतं.

आणि बाहेरगावाहून येणाऱ्या केसेसची छोटी टर्म नक्की ठेवा. ती नसेल तर मॉडेलमधला डेंग्यू एकदा शून्यावर गेला की पुढचा पावसाळा आला तरी परत सुरूच होत नाही.