एकाच घरात एकालाच पुन्हा पुन्हा जंत का होतात?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या तीन वर्षांत चार वेळा जंत झाले. एकदा तर उलटीतून वीतभर लांबीचा जंत पडला. त्याच्याबरोबर एकाच ताटात जेवणाऱ्या आणि त्याच मातीत खेळणाऱ्या धाकट्या मुलीची शौचतपासणी मात्र दोन्ही वेळा निर्दोष आली. माझ्या यजमानांनाही लहानपणी हाच त्रास होता, म्हणून ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ असे घरचे म्हणतात. जंत आनुवंशिक असतात का? तसे असेल, तर एवढी स्वच्छता पाळून उपयोग काय?

उत्तर : जंत आनुवंशिक नसतात. आपण वर्णन केलेला गोल जंत मोठ्या माणसाच्या किंवा मुलाच्या आतड्यात स्वतःची संख्या वाढवू शकत नाही. त्याची मादी अंडी घालते, पण ती शौचावाटे बाहेर पडतात. त्यामुळे मुलाच्या पोटात जितके जंत सापडले, तितकी अंडी तरी त्याच्या तोंडावाटे आत गेलेली असणारच. तरीही घरच्यांचे निरीक्षण मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

जंतांची लागण असलेल्या कोणत्याही वस्तीत ते सर्वांमध्ये सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात एखाददुसरा जंत असतो किंवा एकही नसतो, आणि थोड्या लोकांच्या पोटात पुष्कळ असतात; ढोबळमानाने २० टक्के लोकांमध्ये ८० टक्के जंत, असे म्हटले जाते. सर्वांना औषध देऊन जंत काढून टाकले आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजणी केली, तर पूर्वी ज्यांच्यात अधिक होते त्यांच्यातच पुन्हा अधिक आढळण्याकडे कल दिसतो. अशा व्यक्तीच्या पोटात अंडीच जास्त जातात, की गेलेल्यांपैकी जास्त जंत तिच्या शरीरात टिकाव धरतात, हा खरा प्रश्न आहे.

याचा सर्वांत काळजीपूर्वक शोध नेपाळमधील जिरी येथे घेतला गेला. तेथील जिरेल समाजातील जवळजवळ सर्वांची नाती एकाच विस्तृत वंशवृक्षात मांडता येतात. १,२०० हून अधिक व्यक्तींच्या शौचातील अंडी मोजली गेली, तसेच औषधानंतर बाहेर पडलेले जंत गोळा करून त्यांची संख्या आणि वजनही नोंदवले गेले. पती-पत्नी एका घरात राहतात, पण त्यांचे रक्ताचे नाते नसते. उलट वेगळ्या घरी राहणाऱ्या भावाबहिणींची बरीच जनुके समान असतात. अशा जोड्यांची तुलना केली की घर आणि रक्त यांचा वाटा वेगळा करता येतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोल जंतांच्या प्रमाणातील फरकापैकी ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा, तर एकाच घरात राहण्याचा वाटा ३ ते १३ टक्के आढळला. २००२ मध्ये त्याच समाजात १ आणि १३ क्रमांकांच्या गुणसूत्रांवरील विशिष्ट भागांशी हा कल जोडला गेला. ब्राझीलमध्ये शिस्टोसोमा या वेगळ्या कृमीच्या बाबतीत १९९६ मध्ये पाचव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले गेले होते, आणि त्या भागात कृमींविरुद्धच्या प्रतिकाराला चालना देणारी जनुके एकमेकांना लागून आहेत. इओसिनोफिल पेशी आणि आयजीई ही प्रतिपिंडे या प्रतिकारातील मुख्य शस्त्रे होत. (ॲलर्जी आणि दम्यामध्येही हीच यंत्रणा कामाला लागते, म्हणून या दोन विषयांचे संशोधन एकमेकांत गुंतलेले आहे.)

हे आकडे वाचताना एक चूक हमखास होते. ‘३० ते ५० टक्के’ याचा अर्थ आपल्या मुलाच्या जंतांपैकी निम्मे वडिलांकडून आले, असा नाही. त्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसला, त्याची ती वाटणी आहे. ज्या वस्तीत सर्वच घरांची माती, पाणी आणि शौचालयांची स्थिती बरीचशी सारखी असते, तेथे घराचा वाटा आकड्यात लहानच दिसतो. पण म्हणून घराचे महत्त्व लहान ठरत नाही. आत गेलेल्या अंड्यांपैकी किती जंत टिकतील, यावर जनुकांचा प्रभाव असतो. अंडे तोंडापर्यंत पोहोचलेच नाही, तर त्या प्रभावाला वावच उरत नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत मी स्वच्छतेचा आग्रह दुप्पट धरीन, तो याच कारणाने.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंताचे अंडे तपकिरी-पिवळे आणि खडबडीत सालीचे दिसते. ही बाहेरची साल चिकट असल्यामुळे ते नखात, भाजीच्या पानांवर आणि खेळण्यांवर धरून राहते. एक मादी दिवसाला सुमारे २,००,००० अंडी घालू शकते, परंतु ताजे अंडे लागण करू शकत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत त्याला साधारण दोन ते तीन आठवडे मुरावे लागते. म्हणजे दोन्ही मुलांनी एका ताटात जेवण्याचा यात दोष नाही. दोष आहे तो शौच मातीत मिसळण्याचा. घरात शौचालय असूनही तान्ह्या मुलाचे शौच अंगणाच्या कडेला टाकले जाते, कारण ‘लहान मुलाचे ते काय’ अशी समजूत असते. ही सवय मला सर्वांत घातक वाटते. जमिनीचाही संबंध आहे. मेक्सिकोमध्ये मातीच्या जमिनींवर सिमेंट घालण्याच्या सरकारी योजनेनंतर लहान मुलांमधील परजीवींची लागण ठळकपणे घटली. अंकुशकृमींचा मार्ग वेगळा आहे : त्यांच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात, त्यामुळे त्यांच्याबाबत केवळ हात धुणे पुरत नाही.

मुलीविषयी एक सावधगिरी सांगतो. अंडे पोटात गेल्यापासून शौचात नवी अंडी दिसेपर्यंत दोन ते तीन महिने जातात, आणि लागण हलकी असेल किंवा आतड्यात केवळ नर असतील, तर तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघांनाही औषध द्यावे. अल्बेंडाझोलची नेहमीची मात्रा ४०० मिलिग्रॅम असते आणि एक ते दोन वर्षांच्या बालकांना तिच्या निम्मी देतात. ही गोळी आतड्यात असलेले जंत काढते, पुढच्या लागणीपासून संरक्षण देत नाही. म्हणूनच जेथे लागणीचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आहे तेथे मुलांना वर्षातून एकदा, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तेथे दोनदा औषध देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते.

प्रश्न : माझ्या नातीला रात्री गुदद्वारापाशी खाज सुटते आणि सुतासारखे बारीक पांढरे किडे दिसतात. औषध फक्त तिलाच द्यावे का?

उत्तर : नाही, घरातील सर्वांना एकाच दिवशी द्यावे. हे वेगळे कृमी आहेत. यांची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि ती काही तासांतच लागण करण्याजोगी होतात, त्यांना मातीची गरज नसते. नखे, चादरी आणि अंतर्वस्त्रे यांवरून ती घरभर पसरतात व दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. म्हणून दोन आठवड्यांनी औषधाची दुसरी मात्रा घ्यावी लागते. घरात कोणी गर्भवती असेल किंवा दोन वर्षांखालील बाळ असेल, तर त्यांचे औषध डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मुलीची नखे कापलेली ठेवावीत, सकाळी उठल्याबरोबर तिला आंघोळ घालावी आणि तिच्या चादरी न झटकता उचलून थेट गरम पाण्यात टाकाव्यात.