लायनस पॉलिंग यांच्या गौरवाचा कार्यक्रम करताना फक्त विज्ञानावर बोलावं की शांततेच्या कामावरही?

तुमच्या विज्ञान मंडळाचा पेच असा दिसतोय: अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांच्या रासायनिक बंधांवरच्या (अणू एकमेकांना कसे जोडले जातात त्यावरच्या) कामाचं व्याख्यान ठरलंय, पण अणुचाचण्यांविरुद्धची त्यांची मोहीम म्हणजे राजकारण, ती विज्ञानाच्या व्यासपीठावर नको, असं काही सदस्य म्हणतात.

मोहीम वगळायचीच असेल तर कार्यक्रम दुसऱ्या कुणावर तरी करा. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे बंधांवर कुणी तासभर बोललं तर मला आनंदच आहे. पण चाचण्यांना विरोध करताना पॉलिंग रसायनशास्त्रच बोलत होते, हे तुमच्या सदस्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आवर्तसारणीत कॅल्शियमच्या बरोबर खाली स्ट्रॉन्शियम आहे. दोघांच्या बाहेरच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन, त्यामुळे दोघांचं वागणं जवळपास सारखं. हवेत अणुबॉम्ब फोडला की किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 तयार होतं, पावसाबरोबर गवतावर उतरतं, गाईच्या पोटातून दुधात येतं आणि ते दूध पिणाऱ्या मुलाचं शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत बसवतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 29 वर्षं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 1958 पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले गेले, तेव्हा चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण चढत गेलेलं दिसलं. कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनची गोष्ट याहून लांबची. स्फोटातून सुटलेले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले की तो बनतो आणि त्याचं अर्धायुष्य 5,730 वर्षं. म्हणजे ज्यांचे पणजोबाही अजून जन्मले नाहीत अशा माणसांच्या पेशींपर्यंत तो पोचणार. पॉलिंग यांनी 1958 मध्ये नेमका हाच हिशेब मांडला.

चाचण्यांची बाजू घेणाऱ्यांचं, विशेषतः हायड्रोजन बॉम्बमागचे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांचं म्हणणं होतं की एका माणसाच्या वाट्याला येणारा किरणोत्सर्ग नगण्य आहे. पॉलिंग तो आकडा साऱ्या जगाच्या लोकसंख्येने गुणायला सांगत. त्या वर्षी दूरचित्रवाणीवर दोघांची समोरासमोर चर्चाही झाली. व्याख्यात्यांना एकच प्रसंग निवडायचा असेल तर मी हा सुचवेन, कारण इथे दोन शास्त्रज्ञ आकड्यांवरून भांडतायत आणि त्या आकड्यांवर कुणाचा तरी जीव टांगलेला आहे.

अर्जाची हकीकतही सांगाच. मे 1957 मध्ये सेंट लुईसमधल्या एका भाषणानंतर पॉलिंग यांनी जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्याबरोबर चाचण्या थांबवण्याची मागणी करणारा मसुदा लिहिला. जानेवारी 1958 मध्ये तो संयुक्त राष्ट्रांकडे दिला, तेव्हा त्यावर जगभरच्या नऊ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. पुढे तो आकडा अकरा हजारांपलीकडे गेला. एवढ्या सह्या पैशाशिवाय जमतात कशा, या संशयापोटी 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने त्यांना बोलावलं. सह्या करणाऱ्यांची नावं उघडच होती. समितीला हवी होती सह्या गोळा करायला मदत करणाऱ्यांची नावं. पॉलिंग यांनी ती दिली नाहीत. त्यात बरेच जण तरुण होते, चौकशीचा ससेमिरा त्यांच्या मागे लागू नये म्हणून. नकारासाठी तुरुंगात जावं लागण्याची शक्यता होती, तरी ते हलले नाहीत.

त्याआधी 1952 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना पासपोर्ट नाकारला होता आणि लंडनमधली प्रथिनांवरची परिषद हुकली होती. इथे एक सावधगिरी बाळगा. ‘पासपोर्ट मिळाला असता तर डीएनएची रचना पॉलिंगनीच शोधली असती’ हे वाक्य भाषणांत हमखास येतं. टाळ्या मिळतात, पण ते फारसं टिकत नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात पासपोर्ट मिळाल्यावर ते इंग्लंडला गेले होते, आणि रोझलिंड फ्रँकलिन जिथे डीएनएची क्ष-किरण चित्रं घेत होत्या त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजकडे फिरकलेही नाहीत. नंतर पॉलिंग यांनी मांडलेली डीएनएची तीन सरींची रचना साफ चुकली. सरकारवर फोडायला हे खापर जरा जास्तच मोठं आहे.

गौरव अर्धवट कसा होतो याचा नमुना हवा असेल तर अमेरिकेच्या टपाल खात्याचं 2008 सालचं 41 सेंटचं तिकीट बघा. चित्रात लाल रक्तपेशी आहेत, कारण सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा आजार आहे हे पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. तिकीट देखणं आहे, पण शांततेचा मागमूस नाही. (त्याच संचातल्या जीवरसायनशास्त्रज्ञ गर्टी कोरी यांच्या तिकिटावरच्या सूत्रात एक रासायनिक बंध चुकीच्या जागी जोडलाय. तोही पॉलिंग यांच्या शेजारी!)

माणूस हट्टी होता. 1962 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘आम्हाला चाचण्या करण्याचा हक्क नाही’ अशा मजकुराचा फलक घेऊन व्हाइट हाउसबाहेर निदर्शनं केली आणि त्याच संध्याकाळी कपडे बदलून राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नोबेल विजेत्यांना दिलेल्या मेजवानीला आत गेले. यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

एक मागणी मात्र आग्रहाने करते. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या पत्नी एव्हा हेलन पॉलिंग यांचंही नाव छापा. नवऱ्याला या कामाकडे त्यांनी वळवलं, हे पॉलिंग स्वतः सांगत असत. सह्यांच्या मोहिमेतही त्यांचा मोठा हात होता. शांततेचं नोबेल मात्र एकट्या पॉलिंग यांच्या नावावर लागलं.

क जीवनसत्त्वाचा प्रश्न श्रोत्यांतून येणारच, तो टोलवू नका. कर्करोगावर त्याचे मोठे डोस उपयोगी पडतात हा दावा मेयो क्लिनिकच्या चाचण्यांत टिकला नाही, आणि तरीही ते शेवटपर्यंत तो सोडायला तयार नव्हते. दोन मिनिटांत सांगून मोकळे व्हा.

राहिली तारीख. त्यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1901 चा, ती तारीख सगळेच धरतात. मी 10 ऑक्टोबर धरेन. 1963 मध्ये त्या दिवशी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्यांना बंदी घालणारा करार अमलात आला. भूमिगत चाचण्या सुटल्या, फ्रान्स आणि चीन बाहेर राहिले. पण दुधात उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियमला तिथून ओहोटी लागली. त्याच दिवशी 1962 सालचं राखून ठेवलेलं शांततेचं नोबेल पॉलिंग यांना जाहीर झालं. रसायनशास्त्राचं 1954 मध्येच मिळालं होतं. दोन नोबेल, दोन्ही कुणाबरोबर न वाटून घेतलेली, असं आजवर दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही. तुमच्या सदस्यांना विचारा, यातलं कुठलं पोस्टरवर छापायचं नाही म्हणताय?