पिस्तुलावर टॉर्च नको, उजेड टार्गेटवर हवा

१० मीटर एअर पिस्तुलाला टॉर्च लावायचा विचार सोडा. लेझर किंवा डॉट साइट (काचेत ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) स्पर्धेच्या नियमात बसतच नाही, साधी उघडी साइटच चालते, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून नेम धरायचा. वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि पिस्तूल ४२०×२००×५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. त्यात एकाच हातावर धरायचं. नळीच्या टोकाशी शंभर ग्रॅम वाढले तरी ६० शॉटपर्यंत मनगट झुकायला लागतं.

टार्गेटवर मात्र १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) तरी पाहिजेत. सांगलीत गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करणार असाल तर टार्गेटच्या मीटरभर अलीकडे, खालून वर तोंड करून एलईडी स्पॉट लावा. त्याच्यापुढे जाड लोखंडी पट्टी उभी करा, नाहीतर खाली गेलेला छर्रा दिवा फोडेल. पण बाकीची शेड अंधारी ठेवू नका, नवखे इथेच फसतात. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, मग माशी आणि मागची खाच एकदम स्पष्ट दिसत नाहीत. तुमच्या मागे, डोक्यावर एक ट्यूबलाइट हवीच.

पत्र्याच्या फटीतून बाजूने ऊन आलं की माशीची एक कड चमकते आणि नेम नकळत सरकतो. फट बुजवा. तरीही चकाकत असेल तर पिस्तूल रिकामं करून, हवेचा सिलिंडर काढून, कापराच्या धुराने माशी काळी करा.