दिवसभर पाणी पिऊनही उन्हात गरगरतं, काय करावं?

नुसतं पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जातं. भरपूर घाम गाळून फक्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं त्यातूनही येतं.

उन्हात काम असेल तर दर 15-20 मिनिटांनी पेलाभर (200-250 मिली) पाणी प्या, तासाला दीड लिटरच्या वर नको. खूप घाम गेला असेल तर ओआरएस घ्या. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक; द्रावण जास्त खारट झालं तर त्रास वाढतो. पाकीट नसेल तर 1 लिटर पाणी, 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा, 5 मिलीचा). मीठ घातलेलं ताकही चालतं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय.

आणि गोळ्या तपासा. लघवी वाढवणाऱ्या, काही ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांवरच्या औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद घटते. मनाने बंद मात्र करू नका.

कूलर नागपूरच्या कोरड्या हवेत उत्तम, मुंबईच्या दमटपणात जवळजवळ निरुपयोगी.

असंबद्ध बोलणं, शुद्ध हरपणं, तापलेलं अंग: 108 ला फोन, सावली, अंगावर गार पाणी आणि वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका.